तिसऱ्या मजल्याचा पत्ता

आमच्या संस्थेच्या जिन्यात थुंकायची सोय फार चांगली आहे. प्रत्येक वळणावर एक कोपरा, आणि प्रत्येक कोपऱ्याला सुपारी-तंबाखूचा मावा खाणाऱ्यांनी वर्षानुवर्षं चढवलेला तांबडा थर. पोरं थुंकतात, थुंकू नका म्हणून सांगणारे मास्तर थुंकतात, आणि संचालक मंडळाची बैठक असली की मंडळही जाता जाता आपला वाटा टाकून जातं. शाहूपुरीतल्या या चार मजली इमारतीत मी सव्वीस वर्षं कारकुनी केली, आता हेडक्लार्क आहे. हा जिना मी रोज पदर सावरून चढते आणि रोज तेवढीच किळस येते. किळस यायची थांबली की माणूस आमच्या संचालक मंडळात बसायला लायक होतो, असं माझं मत आहे.

सोमशेखर या जिन्याखालीच बसायचा. तिथं एक कोंदट खोली होती, तिच्यात संस्थेचा सर्व्हर आणि सर्व्हरशेजारी त्याची खुर्ची. गडहिंग्लजकडचा माणूस. वडील शिवय्या यांचं गावात किराणा दुकान, घरात अर्धं मराठी अर्धं कानडी. आईला अव्वा म्हणायचा आणि मला आक्का. घर लिंगायत, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग असायचं, आणि ते बाहेर दिसू नये म्हणून वरचं बटन कायम लावलेलं. सकाळी आला की पहिल्यांदा स्वतःच्या पिशवीतून आणलेलं फिनेल बादलीत ओतायचा आणि दारापासून वरच्या सात पायऱ्यांपर्यंतची भिंत पुसून काढायचा. आमचा शिपाई बाळासो ते बघत उभा राहायचा.

"कशापायी करतोस रं? उद्या परत थुकत्यातच की," बाळासो म्हणायचा.

"उद्या परत पुसतो की," सोमशेखर म्हणायचा.

नाक कायम मुरडलेलं. त्यामुळं लोकांना तो शिष्ट वाटायचा. मला वाटायचं, या इमारतीत वास येणारं नाक एवढं एकच उरलंय.

अकरा वर्षं तो कंत्राटावर होता. दर अकरा महिन्यांनी त्याची नेमणूक संपायची, एक दिवस तो घरी बसायचा आणि दुसऱ्या दिवशी मीच टाईप केलेल्या नव्या कागदावर परत नवीन माणूस म्हणून रुजू व्हायचा. अकरा वर्षं रोज येणाऱ्या माणसाला अकरा वेळा नवा म्हणायचं, आणि तेही तोंड वर करून. त्याचं म्हणणं एवढंच होतं की एकदा कायम करा. अव्वाला सांगता येईल.

आमच्या चार मजल्यांवर चार संगणक खोल्या, प्रत्येकीत साठ मशीन. पोरं त्यात गेम भरायची, व्हायरस आणायची, कुणाची डिस्क मरायची, कुणाची नुसतीच गायब व्हायची. परीक्षा आली की सोमशेखर पेनड्राइव्ह घेऊन पंधरा दिवस एकेका मशीनसमोर बसायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं सांगितलं की सगळ्या मशीनच्या डिस्क काढून टाकतो, आणि सगळी खालच्या एका सर्व्हरवरून सुरू करतो. मंडळाला वाटलं हा डिस्क विकून खाणार. शेवटी मी त्याला विचारलं, बाबा, हे आहे तरी काय.

"बघा आक्का," तो म्हणाला, "डिस्क काढली की मशीन म्हंजे नुकतं जन्मल्यालं लेकरू. बटन दाबलं की त्येला फकस्त वरडाय येतंय. माजा पत्ता काय, मला दूध कुठं मिळंल. सर्व्हरनं ऐकलं की तो पत्ता देतोय, आन् कुठली फाईल घ्यायची त्ये सांगतोय. ती फाईल पोटात गेली की मशीन उभं ऱ्हातंय."

"मग अडलंय कुठं?"

"येक येक मजला म्हंजे येक येक गल्ली हाय. मीच तसं वेगळं ठेवलंय, न्हायतर दोनशे चाळीस लेकरं येकदम वरडाय लागली तर कुणाचंच ऐकू यायचं न्हाय. पण गल्लीत वरडल्यालं गल्लीतच ऱ्हातंय. सर्व्हर हितं खाली. म्हणून दर गल्लीच्या नाक्यावर येक निरोप्या बसवायचा. त्यानं हाक खाली आणायची आन् उत्तर वर न्यायचं."

हा निरोप्या म्हणजे माणूस नव्हे, सगळ्या मजल्यांच्या वायरी जोडणाऱ्या मोठ्या स्विचमधली एक सेटिंग. प्रत्येक मजल्यासाठी ती वेगळी घालावी लागते. शिवाय पहिल्या दोन मजल्यांवरची मशीन जुनी, वरची नवी. जुन्यांना एक फाईल लागते, नव्यांना दुसरी, अदलाबदल झाली की पडदा काळा. प्रत्येक मजल्याचे पत्ते वेगळ्या आकड्यानं सुरू होतात: पहिल्याचे दहा-एक, दुसऱ्याचे दहा-दोन, तिसऱ्याचे दहा-तीन. भिंतीतल्या प्रत्येक जोडणीवर त्यानं नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि दोनशे पानी वहीत सगळं उतरवून ठेवलं. त्यातली अर्धी पानं मीच त्याला सुवाच्य अक्षरात लिहून दिली. मला हे सगळं नीट समजलं होतं. मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढं ते लागणार आहे.

मंडळानं कशीबशी परवानगी दिली, आणि मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी त्यानं मला तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. दहा-दहा मशीन करत बटनं दाबत गेला. काळ्या पडद्यावर दोन ओळी, मग एक रेघ सरकत जाणार, मग निळा पडदा. साठच्या साठ. त्याचं मुरडलेलं नाक तेव्हा सरळ झालेलं मी पाहिलं.

"येकात बी डिस्क न्हाय, आक्का," तो म्हणाला.

मग यंदा एका मोठ्या भरतीची ऑनलाइन परीक्षा आमच्या संस्थेत घ्यायचं ठरलं. संस्थेचे अध्यक्ष आण्णा. त्यांचे वडील आबासाहेब यांनी संस्था काढली, आणि आण्णांनी ती चालवली असं म्हणायची पद्धत आहे. आण्णांनी सोमशेखरला केबिनमध्ये बोलावलं. मी फायली घेऊन उभीच होते.

"ही परीक्षा नीट पार पाड. तुजी कायमची ऑर्डर माज्या टेबलावर हाय बघ," आण्णा म्हणाले, आणि ती खरंच होती. मीच टाईप केली होती. फक्त सही राहिली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी सोमशेखरनं चारही मजले चालू करून परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या निरीक्षकांना दाखवले. त्यांनी यादीवर टिक केली. आता संध्याकाळी खोल्यांना सील लागणार, उद्या सकाळी उघडणार. पण आण्णांना उद्घाटन हवं होतं.

"आण्णा, तपासून झालंय. आता तितं कुणी जाऊ नये," सोमशेखर म्हणाला.

"आबांच्या फोटोबिगर हितं काय सुरू झालंय का आजवर?" आण्णा म्हणाले.

झालं. तिसऱ्या मजल्यावरची खोली सगळ्यांत देखणी म्हणून तिथं टेबल लागलं, टेबलावर आबांचा अडीच फुटी फोटो, फोटोला झेंडूचा हार. फेटे आले, नारळ फुटला. आण्णांचे चिरंजीव यशराज यांना मंडळानं डिजिटल संचालक हे पद निर्माण करून दिलंय. या पदाचं काम म्हणजे बापाच्या भाषणाचं मोबाईलवरून थेट प्रक्षेपण. परीक्षेच्या जाळ्यात इंटरनेट नसतं, ते नसायलाच हवं असतं. यशराजनी घरून सिमकार्डवर चालणारा वायफायचा डबा आणला होता. समोरच्या मशीनवर संस्थेची चित्रफीत दाखवायची म्हणून त्यांनी डब्याची वायर भिंतीतल्या जोडणीत खुपसली. डबा दिसायला बरा नाही म्हणून आबांच्या मागं सरकवला. पेढे झाले, सगळे निघून गेले, आणि संध्याकाळी खोलीला सील लागलं.

आमच्या संस्थेची एक रीत आहे. आबांच्या फोटोला घातलेला हार सुकेपर्यंत फोटो हलवायचा नाही, आणि हलवायचा तर आण्णांनीच. आबा गेल्यापासून ही रीत कडक पाळली जाते. आबांनी जिन्यात थुंकायला बंदी केली होती. ती रीत कुणाच्या लक्षात नाही.

सकाळी साडेआठला सील फुटलं. पहिला मजला उठला, दुसरा उठला, चौथा उठला. तिसऱ्यावर साठ पडदे काळे. उमेदवार येऊन बसले होते. सोमशेखर खाली धावला, सर्व्हर बघितला, वर आला. परत खाली, निरोप्याची सेटिंग बघितली, परत वर. सगळं जागच्या जागी. आण्णा मोबाईलवरून कुणाला तरी "व्हतंय, व्हतंय" सांगत होते आणि मध्येच सोमशेखरकडं बघून दात खात होते.

जिन्यात यशराज भेटले तेव्हा सोमशेखरनं माझ्यादेखत विचारलं, "यशराजदादा, काल कार्यक्रमात भिंतीला काय जोडलंतं का?"

"न्हाय, काय न्हाय," यशराज म्हणाले. नंतर डबा सापडला तेव्हा, त्यांना आठवलं नसेल असं मी समजले. आता तसं समजत नाही.

पहिल्या रांगेत वर्षाराणी नावाची एक मुलगी होती, शाहूवाडीकडून पहाटेच्या एसटीनं आलेली. हॉलतिकिटाची घडी करून करून तिनं त्याचं पार चिरगूट केलं होतं.

"सर, आमचं हुणार न्हवं?" तिनं विचारलं.

"हुणार. बसा," सोमशेखर म्हणाला, आणि तिच्याच मशीनचं बटन परत दाबून पडद्याला नाक लावून उभा राहिला. दोन ओळी क्षणभर येऊन जातात, तेवढ्यात त्या वाचायच्या होत्या.

"आक्का, बघा," तो म्हणाला. "एकशे ब्याण्णव. ह्यो पत्ता माजा न्हाय."

मला लगेच उमगलं. लेकरू ओरडतंय, निरोप्या बिचारा खाली धावतोय, आणि तेवढ्यात गल्लीतलंच कुणी तरी भलता पत्ता देऊन मोकळं होतंय. दूध मात्र त्याच्याकडं नाही. सोमशेखरनं मजल्यावरच्या स्विचला आपला लॅपटॉप लावून ते उत्तर कुठल्या जोडणीतून येतंय ते शोधलं, वही उघडली, आणि बोट ठेवलं तेवीस नंबरवर. तेवीस नंबरची जोडणी समोरच्या भिंतीत, आबांच्या बरोबर मागं.

"फोटुला हात लावायचा न्हाय, आण्णांस्नी बलवा," बाळासो म्हणाला.

आण्णा तळमजल्यावर फोनवर होते. नऊ वाजून गेले होते. सोमशेखरनं खिशातला धुतलेला रुमाल काढून फरशीवर पसरला, फोटो दोन्ही हातांनी हारासकट उचलला आणि रुमालावर भिंतीला टेकून उभा केला. पायातल्या चपला काढायचं त्याला सुचलं नाही, हे खरं आहे. टेबल ओढलं. मागं डबा हिरवा दिवा मिचकावत बसला होता. त्यानं वायर उपटली आणि दहा-दहा करत बटनं दाबायला सुरुवात केली. साठच्या साठ उठली. परीक्षा बेचाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली, तेवढा वेळ पुढं वाढवून मिळाला, एकाही पोराचं नुकसान झालं नाही. वर्षाराणीनं मान खाली घालून पेपर सोडवायला घेतला.

त्याच वेळी दारातून यशराजनी फोटो काढला. मशीनचा नव्हे, जमिनीवरच्या आबांचा, आणि शेजारी सोमशेखरच्या चपला. दुपारपर्यंत तो जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या शाखांच्या ग्रुपवर फिरत होता.

चौथ्या दिवशी चौकशी बसली. आण्णा, संचालक कृष्णातराव, आणि इतिवृत्त लिहायला मी. मला वाटलं होतं डब्याबद्दल विचारतील. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, डोळ्यांनी त्या दिवशी बघितली. दीड तास फक्त फोटोवर. जमिनीवर ठेवला का? हार हलला का? पायात चपला होत्या का? कृष्णातरावांच्या गालात मावा होता, त्यामुळं प्रश्न विचारताना ते तोंड वर करत होते.

"तुमच्या लोकांत मोठ्या माणसाचा मान ठेवत न्हाईत व्हय?" त्यांनी विचारलं.

सोमशेखरचा हात गळ्यापाशी गेला आणि परत खाली आला. मला त्या खोलीत बसवेना, पण बसले.

मग आण्णांनी कागद पुढं केला. खुलासा. तोही मीच टाईप केलेला. त्यात दोन वाक्यं होती. एक: माझ्या सेटिंगमधील चुकीमुळे तिसऱ्या मजल्यावरील परीक्षेस विलंब झाला. दोन: घाईत माझ्याकडून कैलासवासी आबासाहेबांच्या प्रतिमेचा अवमान झाला, त्याबद्दल मी क्षमा मागतो. शेजारी कायमची ऑर्डर उघडून ठेवली होती, तिच्यावर पेन.

"तू हितं सही कर, मी तितं करतो," आण्णा म्हणाले. "विषय संपला."

सोमशेखरनं कागद वाचला, परत वाचला.

"फोटोचं लिवल्यालं बराबर हाय. खाली ठेवला, व्हय, ठेवला. चपला बी व्हत्या. त्येची माफी मागतो," तो म्हणाला. "सेटिंगचं खोटं हाय. सेटिंग माजी चुकली न्हाय."

"आरं, येका वळीसाठी?"

"अकरा वर्सात तेवढीच येक गोष्ट मी केल्या, आण्णा. ती चुकली म्हणून कसं लिवू?"

आण्णा माझ्याकडं वळले. "संयोगिताबाई, तुम्ही व्हता की तितं. कसला डबा म्हणतोय ह्यो? तुम्हाला काय दिसलं?"

यशराज दाराशी उभे होते. सोमशेखर माझ्याकडं बघत होता, काळजीनं नव्हे, अगदी निश्चिंत. त्याला वाटलं, आक्का सांगणार. मला निवृत्तीला चार वर्षं आहेत. माझी मुलगी स्नेहल याच संस्थेच्या पन्हाळ्याच्या शाखेत शिकवते. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं, आणि ते इतक्या सराईतपणे गेलं की मलाच शिसारी आली.

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

सोमशेखरनं पेन घेतलं, पहिल्या वाक्यावर रेघ मारली, दुसऱ्याखाली सही केली, कागद आण्णांच्या पुढं सरकवला आणि उठला. आण्णांनी ऑर्डर फाडली. इतिवृत्तात मी लिहिलं, कर्मचाऱ्याने सहकार्य केले नाही. त्याची मुदत संपली तेव्हा मला बारावा कागद टाईप करावा लागला नाही. जाताना तो वही माझ्या टेबलावर ठेवून गेला. जिन्याखालची भिंत पंधरा दिवसांत बाकीच्या भिंतींसारखी झाली.

खरा कहर पुढंच आहे. आबांचा अवमान झाला म्हणून मंडळानं तिसऱ्या मजल्यावर, त्याच भिंतीला, संगमरवरी चौथरा बांधून फोटो स्क्रूनं कायमचा बसवला. परत कुणी हात लावू नये म्हणून त्याच्यावर कॅमेरा. कॅमेऱ्याचं चित्र आण्णांना मोबाईलवर आणि टेबलावरही दिसावं म्हणून यशराजनी चौथऱ्याच्या पोकळीत तोच डबा ठेवला आणि वायर तेवीस नंबरमध्ये खुपसली. सुट्टीनंतर मशीन चालू केली तर तिसरा मजला काळा. बाहेरून माणूस आणला, तो म्हणाला सगळे स्विच बदलावे लागतील. दुसरा आणला, तो म्हणाला मशीनच जुनी झालीत. पुढच्या आठवड्यात परत परीक्षा.

काल आण्णांनी मला बोलावलं. "तो तुमचं ऐकतोय. इचारा जरा फोन करून, काय झालं आसंल," म्हणाले. असं म्हणताना त्यांना काहीही वाटलं नाही. मलाही नाही म्हणवलं नाही.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले, पहिल्या रांगेतल्या मशीनचं बटन दाबलं, पडद्याला नाक लावून दोन ओळी वाचल्या आणि सोमशेखरला फोन लावला. तो आता कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. अव्वा बरी आहे म्हणाला. मी तिसऱ्या मजल्याचं सांगितलं. त्याच्या मागं कारखान्यातल्या मशीनचा आवाज येत होता, तो दार लावून शांत जागी गेला.

"पत्ता काय दावतोय, आक्का?"

"एकशे ब्याण्णव," मी म्हणाले. "तुझा नाही तो. तेवीस नंबरवर परत डबा लागलाय, आबांच्या मागं. निरोप्याच्या आधी तोच उत्तर देतोय. तो काढला की सगळी उठतील."

"तुमास्नी कळतंय की समदं," तो म्हणाला.